बाळाला खोकला असताना विमानप्रवास : निघावे की थांबावे?

अशोक विजयादशमी जवळ आली की अष्टमी-रोह्याच्या आपल्या वस्त्यांमध्ये नागपूरला जाण्याची बोलणी सुरू होतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्या भूमीवर धम्मदीक्षा दिली, ती भूमी मुलाबाळांना एकदा तरी दाखवावी, असे प्रत्येक घराला वाटते. पूर्वी आपण सर्व रेल्वेनेच जायचो. आता एखाद-दुसरे कुटुंब विमानाचे तिकीट काढते. मुलगा किंवा मुलगी नोकरीला लागलेली असते, आजी-आजोबांना सोळा तासांचा रेल्वेप्रवास झेपत नाही, रजा दोनच दिवसांची असते. मुंबईहून नागपूर विमानाने दीड तासावर आले आहे. पनवेलजवळचे नवी मुंबईचे विमानतळही डिसेंबर २०२५ पासून सुरू झाले आहे. नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचेच नाव आहे, हे पाहून तर मन भरून येते. काही घरांतील कर्ता माणूस आखातात कामाला असतो आणि सुटीत बायको-मुलांना तिकडे बोलावतो. म्हणजे विमान आता आपल्या वस्तीला परके राहिलेले नाही.

आणि नेमके निघण्याच्या दोन दिवस आधी बाळ खोकायला लागते. पावसाळा सरताना, हवा बदलताना कोकणात हे घरोघर होते. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो, "साधा खोकला आहे, काही होत नाही." दुसरा म्हणतो, "तिकिटाचे पैसे बुडतील." आई मात्र गप्प राहून बाळाच्या छातीवर हात ठेवून बसलेली असते.

निघावे की थांबावे, हे आवाज चढवून किंवा तिकिटाची किंमत पाहून ठरवायचे नाही. ते बाळाकडे पाहून, मोजून ठरवायचे. कसे, ते या पाठात आपण शिकू.

विमानात बाळाच्या शरीरावर काय परिणाम होतो?

विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडते. तिथली हवा इतकी विरळ असते की माणूस जगू शकत नाही. म्हणून विमानाच्या आत यंत्राने हवेचा दाब वाढवलेला असतो. पण तो आपल्या अष्टमीत असतो तेवढा नसतो. आतील हवा साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असते तशी असते. आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरचे आहे. म्हणजे विमानात बसलेले बाळ कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच ठिकाणच्या हवेत श्वास घेत असते. समुद्रकाठच्या हवेच्या तुलनेत तिथे ऑक्सिजनचा जोर सुमारे तीन चतुर्थांशच उरतो.

निरोगी माणसाला हे जाणवतही नाही. रक्तातील ऑक्सिजन थोडा उतरतो आणि शरीर सांभाळून घेते. पण ज्या बाळाची छाती आधीच कफाने भरली आहे, जे जमिनीवरच धापा टाकत आहे, त्याच्याकडे सांभाळून घ्यायला शिल्लक नसते. साठवणीचे तांदूळ संपत आलेल्या घरात अचानक चार पाहुणे यावेत, तशी त्याची गत होते.

दुसरा परिणाम कानावर होतो. नाकाच्या मागून कानाच्या आतपर्यंत एक बारीक नळी जाते. पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा ठेवणे हे तिचे काम. लहान मुलांत ही नळी अरुंद आणि आडवी असते. सर्दीने ती सुजते, शेंबडाने बंद होते. विमान उतरू लागले की बाहेरचा दाब वाढतो, नळी उघडत नाही, आणि कानाचा पडदा आत ओढला जातो. त्याने कान जोरात ठणकतो. विमान उतरताना लहान मुले जी टाहो फोडतात, त्यातली पुष्कळशी रडणी हट्टाची नसतात, या दुखण्याची असतात.

तिसरी गोष्ट कोरडेपणाची. विमानातील हवेत ओलावा फार कमी असतो, बहुधा १० ते २० टक्के. आपल्या कोकणच्या दमट हवेत वाढलेल्या बाळाचे नाक-घसा तिथे सुकतो, कफ घट्ट होतो, खोकल्याची उबळ वाढते.

तेव्हा "विमानात काही होत नाही" हे बरोबर नाही, आणि "विमानात बाळ नेलेच तर दगावते" हेही बरोबर नाही. साध्या सर्दी-खोकल्याचे, खेळते-खाते मूल काळजी घेऊन नेता येते. फुफ्फुसापर्यंत आजार गेलेले मूल नेता येत नाही. या दोघांतला फरक ओळखणे हेच खरे काम आहे.

एक मिनिट श्वास मोजा

हा फरक ओळखण्याची रीत आपल्या आशाताईंना आणि अंगणवाडीसेविकांना शिकवलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आणि सरकारी दवाखान्यांत वापरली जाणारी ही रीत आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही. एक घड्याळ किंवा मोबाईल पुरतो. शाळेत गेलेली किंवा न गेलेली, कोणतीही आई ती शिकू शकते.

१. बाळ शांत असू द्या. रडत असताना, दूध पीत असताना किंवा नुकतेच धावून आल्यावर मोजू नका. झोपेत किंवा मांडीवर निवांत असताना मोजा.

२. अंगावरचे झबले वर करा. छाती आणि पोट उजेडात दिसले पाहिजे.

३. मोबाईलवर पूर्ण एक मिनिट लावा. पोट एकदा वर आले आणि खाली गेले की एक श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण लहान बाळाचा श्वास कधी भराभर तर कधी सावकाश चालतो.

४. आकडा जास्त वाटला तर पुन्हा एकदा पूर्ण मिनिट मोजा.

आता हे तीन आकडे पाठ करा. विहाराच्या फळ्यावरही लिहून ठेवता येतील :

दोन महिन्यांहून लहान बाळ : मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे वेगवान.

दोन महिने ते एक वर्ष : ५० किंवा जास्त म्हणजे वेगवान.

एक ते पाच वर्षे : ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान.

उदाहरण घेऊ. दहा महिन्यांच्या बाळाचे श्वास ४४ भरले, ते दूध पिते, हसते. हा बहुधा साधा खोकला. त्याच बाळाचे श्वास ५४ भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचे. तीन वर्षांच्या मुलाचे ४४ भरले तर तेही वेगवान, कारण त्याची मर्यादा ४० आहे. ताप असला की श्वास थोडा वाढतो. ताप उतरल्यावर पुन्हा मोजा. पण त्या नावाखाली दवाखाना लांबणीवर टाकू नका.

मोजून झाले की छातीकडे नीट पाहा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या खालची जागा आत ओढली जाते का? निरोगी बाळाचे पोट आणि छाती दोन्ही वर येतात. खालची छाती आत जात असेल तर बाळाला श्वासासाठी झुंजावे लागत आहे. आकडा कितीही असो, अशा बाळाला थेट रुग्णालयात न्यायचे.

विमान विसरा, आधी दवाखाना गाठा

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तर तिकीट, सामान, नागपूर, दुबई सर्व बाजूला ठेवा :

- बाळ अंगावर पीत नाही, पाणीही घेत नाही.
- पोटात घातलेले सर्व उलटून टाकते.
- आकडी आली.
- निपचित पडले आहे, हाक मारली तरी नीट जागे होत नाही.
- शांत असतानाही श्वास घेताना घशातून घर्र असा आवाज येतो.
- छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, किंवा दर श्वासाला नाकपुड्या फुलतात.
- ओठ, जीभ निळसर किंवा काळपट दिसते.
- दोन महिन्यांहून लहान बाळाला ताप आहे, किंवा अंग गार पडले आहे.

अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रोह्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथून गरज पडल्यास अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात पाठवतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार विनाशुल्क आहेत. "पैसे नाहीत म्हणून दाखवले नाही" असे आपल्या एकाही घराला म्हणावे लागू नये.

आणखी काही प्रसंग असे की बाळ वरवर बरे दिसले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय विमानात बसायचे नाही :

- खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला आहे. क्षयाची तपासणी हवी, विशेषतः घरात कुणाला क्षय झाला असेल तर.
- खोकल्याची उबळ इतकी लांबते की चेहरा लाल होतो, शेवटी हूक असा आवाज येतो, उलटी होते. हा डांग्या खोकला असू शकतो.
- ताप, खोकला, लाल डोळे आणि अंगावर पुरळ. हा गोवर असू शकतो.
- छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, किंवा मुलाला आधीपासून दमा आहे.
- कान दुखतो, कानातून पाणी किंवा पू येतो.
- मूल कमी दिवसांचे जन्मले होते, जन्मतः हृदयाचा आजार आहे, किंवा नुकताच न्यूमोनिया होऊन गेला आहे.
- सर्दी नाही, ताप नाही, पण शेंगदाणा, चणा किंवा खेळण्याचा तुकडा तोंडात असताना अचानक ठसका लागला आणि तेव्हापासून खोकला आहे. ती वस्तू श्वासनळीत अडकलेली असू शकते. हा खोकला औषधाने जात नाही. वस्तू काढावी लागते.

डॉक्टरांकडे गेल्यावर "खोकल्याचे औषध द्या" एवढेच सांगून थांबू नका. "आम्हाला अमुक तारखेला विमानाने जायचे आहे, छाती आणि कान तपासून सांगा" असे स्पष्ट सांगा. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन मोजायला सांगा. जमिनीवरच तो कमी भरत असेल तर वर आणखी उतरणार, हे आता आपल्याला कळले आहे. प्रवास चालेल असे डॉक्टर म्हणाले तर तसे चिठ्ठीवर लिहून घ्या. बाळ आजारी दिसले तर विमान कंपनीचे कर्मचारी अडवू शकतात. तेव्हा ही चिठ्ठी कामी येते.

खोकल्याच्या बाटलीपासून सावध

प्रवासाच्या घाईत सर्वांत मोठी चूक होते ती इथे. दुकानातून खोकल्याचे सिरप आणायचे, दोन चमचे जास्त पाजायचे, म्हणजे मूल विमानात झोपेल आणि गेटवर खोकणार नाही. असे कधीही करू नका.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात काय झाले ते आठवा. कोल्ड्रिफ नावाचे खोकल्याचे सिरप प्यालेल्या वीसहून अधिक लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती दगावली. त्यांतल्या काहींना उपचारासाठी नागपूरला आणले होते. तमिळनाडूत बनलेल्या त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विषारी रसायन ४८ टक्क्यांहून जास्त निघाले. ती मुले गरीब-मध्यम घरांतली होती आणि आजार साध्या सर्दी-तापाचा होता. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांना ती सहसा देऊ नयेत.

भेसळ नसलेले सिरपही लहान मुलाच्या खोकल्याला फारसे उपयोगी पडत नाही. साधा खोकला त्याचा काळ घेऊन आपोआप बरा होतो. गुंगी आणणारे औषध तर धोक्याचेच आहे, कारण मूल झोपेत कमी गिळते, त्यामुळे कान जास्त दुखतो, आणि श्वास बिघडला तरी आपल्याला कळत नाही. शेजारच्या मुलाला दिलेल्या अँटिबायोटिकची उरलेली बाटलीही वापरू नका.

काही घरगुती उपायही बंद करायला हवेत. नाकात तेल सोडल्याने ते फुफ्फुसात उतरून सूज येते. निखाऱ्यावर ओवा-लसूण टाकून दिलेली धुरी ही बाळाच्या छातीला धूरच असते. तान्ह्या बाळाला कापूर चोळणे घातक ठरू शकते. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ देताना मुले भाजतात. अंगारा, दृष्ट, ताईत यांबद्दल तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांना वेगळे सांगायला नको. कालामांना तथागतांनी जे समजावले ते इथेही लागू आहे : परंपरेने चालत आले, थोरांनी सांगितले म्हणून मानू नका, हिताचे आहे का ते स्वतः पारखून घ्या.

मग करायचे काय? सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचे दूध, तेही पुन्हा पुन्हा. त्यापुढे कोमट पाणी, पेज, वरणाचे पाणी. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध चालतो. वर्षाच्या आत मध मुळीच नको. नाक बंद असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब. ताप असेल तर पॅरासिटामॉल, बाळाच्या वजनावरून डॉक्टरांनी सांगितल्याइतकेच. घरात चुलीचा धूर, विडी, डासांची अगरबत्ती बंद. वस्तीत कचरा किंवा राब जळत असेल तेव्हा बाळाला दूर ठेवा.

डॉक्टर "चालेल" म्हणाले तर

ताप उतरून पूर्ण एक दिवस झालेला असावा. मूल खात-पीत, खेळत असावे. निघायच्या सकाळी पुन्हा एकदा श्वास मोजावा. मग पुढील तयारी करावी.

हातातल्या पिशवीत ठेवा : डॉक्टरांची चिठ्ठी, पॅरासिटामॉल, नाकाचे थेंब, मऊ रुमाल, जादा कपडे, दूध किंवा पाण्याची बाटली. दम्याच्या मुलाचा पंप आणि त्याची नळी हातातच हवी. सामानात टाकली तर वर विमानात ती मिळणार नाही. बाळाचे दूध आणि औषधे सुरक्षा तपासणीत बाहेर काढून दाखवा. बाळापुरती ती नेता येतात. बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवा, कारण दोन वर्षांखालील मूल मांडीवर बसते आणि वयाचा पुरावा मागतात. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र जागा घ्यावी लागते. परदेशी जाताना तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो.

आखातात जाणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. कोडीन असलेली खोकल्याची औषधे तिकडे परवानगीशिवाय नेणे गुन्हा ठरू शकते. घरातल्या मोठ्या माणसाची बाटलीही नकळत पिशवीत राहू देऊ नका. प्रत्येक औषधाची चिठ्ठी सोबत ठेवा.

विमान चढताना आणि विशेषतः उतरताना बाळाने गिळत राहायला हवे. गिळले की कानाची नळी उघडते. उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधीपासून विमान खाली यायला लागते, तेव्हाच बाळाला जागे करा. नाकात थेंब घाला. डोके वर राहील असे धरून अंगावर पाजा किंवा बाटली द्या. मोठ्या मुलाला घोट घोट पाणी द्या, जांभई द्यायला लावा. पाच वर्षांखालील मुलाला कडक गोळी, चणे, शेंगदाणे देऊ नका. ठसक्याचा धोका कानदुखीपेक्षा मोठा. प्रवासभर पाणी किंवा दूध थोडे थोडे चालू ठेवा.

दोन वर्षांखालील मुलाला मास्क लावू नये. मोठ्यांनी लावावा, खोकणाऱ्या मोठ्या मुलानेही लावावा. हात धुवावेत, रुमालात खोकायला शिकवावे.

वर असताना बाळाचा श्वास बिघडला तर लाजू नका, थांबू नका. डोक्यावरचे बटण दाबा आणि मराठीत, हिंदीत, जसे येईल तसे सांगा : "बाळाला श्वास घेता येत नाही." विमानात ऑक्सिजन आणि औषधांची पेटी असते. प्रवाशांत कुणी डॉक्टर आहे का, अशी हाकही देतात. आपल्या माणसांना अजून विमानात बुजल्यासारखे होते, आपण इथले नाही असे वाटते. ते वाटणे सोडा. मदत मागणे हा तिकीट काढलेल्या प्रत्येकाचा हक्क आहे.

थांबायचे ठरले तर

तिकिटाचे पैसे आपल्याला सहज मिळालेले नसतात. धाटावच्या कारखान्यातली पाळी, भाताच्या हंगामातली मजुरी, भिशीचे पैसे त्यात असतात. म्हणून हानी कमी कशी करावी तेही सांगतो. विमान सुटण्याआधीच कंपनीला कळवा. तारीख बदलता येते का, बाळाच्या आजाराची चिठ्ठी दाखवून काही सवलत मिळते का, विचारा. न कळवता घरी बसलात तर सर्वाधिक पैसे जातात. तिकीट "परत न मिळणारे" असले तरी न केलेल्या प्रवासाचे सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत मागण्याचा आपल्याला अधिकार आहे. लेखी मागा.

आजार साधा आहे, फक्त कान-नाकाची अडचण आहे, असे डॉक्टर म्हणाले तर रेल्वेचा विचार करता येईल. गाडीत दाबाचा प्रश्न नाही. सेवाग्राम एक्स्प्रेस रोज मुंबईहून नागपूरला जाते आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मध्य रेल्वे विशेष गाड्याही सोडते. मात्र श्वास वेगवान असलेल्या बाळाला रेल्वेही नको आणि दीक्षाभूमीची गर्दीही नको. गोवर, डांग्या खोकला असलेले मूल लाखोंच्या गर्दीत नेणे म्हणजे दुसऱ्यांच्या बाळांना आजार वाटणे. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्त्यांमध्ये गोवर पसरून लहान मुले दगावली, ती आपल्यासारख्याच घरांतली होती.

थांबायचे तर कोणी, हाही प्रश्न आहे. बहुतेक घरांत न विचारताच ठरते की आई थांबेल. अंगावर पिणारे बाळ असेल तर आई हवीच. पण दोन-तीन वर्षांचे मूल बाप सांभाळू शकतो, काका सांभाळू शकतो. ज्या बाईने वर्षभर दीक्षाभूमीची वाट पाहिली, तिने दरवेळी का सोडावे? श्वास मोजायला बापानेही शिकावे. समतेचा पाठ घरातल्या पाळण्यापासून सुरू होतो.

पुढच्या वर्षीची तयारी आजच

न्यूमोनियाला बऱ्याच अंशी आधीच अडवता येते. पीसीव्ही ही न्यूमोनियाविरोधी लस सरकारी लसीकरणात विनाशुल्क मिळते : सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत. पेंटाव्हॅलेंट लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. तीत डांग्या खोकला आणि घटसर्प यांपासून संरक्षण आहे. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत. घरातले लसीकरण कार्ड आज काढून पाहा. राहिलेली लस असेल तर आशाताईंना विचारा. बहुतेक वेळा उशिरानेही देता येते.

"आम्ही खोकल्यातच वाढलो, आम्हाला काय झाले?" असे घरातली वडीलधारी म्हणतात. त्यांना आदराने एक आठवण द्यावी. जी वाढली ती आज बोलत आहेत. जी गेली ती बोलायला नाहीत. बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरे लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव राहिले. इतक्या मोठ्या माणसाच्या घरीही गरिबी आणि औषधपाण्याची ओढ यांनी पाळणे रिकामे केले. आज आपल्या हाताशी लस आहे, विनाशुल्क दवाखाना आहे, मोजण्याची रीत आहे. ती न वापरणे म्हणजे रमाईच्या दुःखातून काहीच न शिकणे.

आजारी भिक्खूला त्याचे सोबती सोडून गेले, तेव्हा भगवान बुद्धांनी स्वतः आनंदासोबत त्याला धुऊन-पुसून झोपवले, आणि आजाऱ्याची सेवा म्हणजे माझीच सेवा, अशी शिकवण दिली. खोकणाऱ्या बाळाजवळ जो घरी थांबला, त्याचा धम्मचक्र प्रवर्तन दिन चुकला असे आम्ही मानत नाही. दीक्षाभूमी पुढच्या वर्षीही तिथेच आहे.

विहारात करण्यासारखे

येत्या रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे काढा. आशाताईंना बोलवा. एक शांत झोपलेले बाळ आणि एक घड्याळ घेऊन प्रत्येक आई-बापाने एकदा पूर्ण मिनिट श्वास मोजून पाहावा. शेवटी सर्वांनी आकडे म्हणावेत : साठ, पन्नास, चाळीस. आणि मोजताना छाती आत ओढली जाते का, हे पाहायला विसरू नये.

सर्वांची लेकरे निरोगी राहोत. नमो बुद्धाय, जय भीम.